जुन्या कोंबड्यांत नवीन तलंगा सोडल्या आणि सकाळी रक्तारक्ती, काय चुकलं माझं?

सड्यावरची
१९ मे, सकाळी ११.२०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून लिहितेय. आम्ही डोंबिवली सोडून सासरच्या घरी लांज्याजवळ राहायला आलो त्याला चार वर्षं झाली. परसात पाच कोंबड्या आणि एक कोंबडा आहे, सगळ्या गावठी. म्हातारी, तांबडी, ठिपकी, काळुंद्री आणि लंगडी, आणि कोंबडा म्हणजे सरपंच (नावं मुलाने ठेवलीत, मी नाही). दिवसभर मोकळ्या, रात्री खुराड्यात. खुराडं सहा बाय चार फुटी आहे.

म्हातारी आता अंडी देत नाही, ठिपकी कधीतरी, म्हणून परवा आठवडा बाजारातून पाच तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या) घेतल्या, विकणारा म्हणाला अडीच महिन्यांच्या आहेत. शेजारच्या काकू म्हणाल्या रात्री अंधारात गुपचूप खुराड्यात ठेव, कोंबड्यांना अंधारात दिसत नाही, सकाळी उठल्यावर त्यांना वाटतं ह्या आपल्याच. मी ठेवल्या. पहाटे साडेपाचला जो काही आरडाओरडा सुरू झाला की घरातले सगळे उठून बसले. दार उघडलं तर एक तलंग डोक्यातून रक्तबंबाळ, एक पाण्याच्या पिंपामागे घुसलेली, बाकी तिघी एका कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर चढून बसलेल्या. आता पाचही जणी डालग्याखाली (कोंबड्या झाकायच्या टोपलीखाली) आहेत आणि जुन्या बाहेरून डालग्याला चोची मारतायत.

काय करू? परत बाजारात नेऊन देऊ का? की काही दिवस मार खाल्ल्यावर आपोआप होतं?


खवचट_काका
१९ मे, दुपारी १२.०५

नव्या सुनेला पहिल्याच रात्री पाच सासवांच्या खोलीत झोपवलंत आणि वर विचारताय काय चुकलं. :)

(हलके घ्या.)


पाटाचं_पाणी
१९ मे, दुपारी १.४०

ताई, रात्री ठेवायची पद्धत चुकीची न्हाई, अर्धी हाय. कोंबडीला अंधारात दिसत न्हाई हे खरं, म्हणून रात्री भांडण होत न्हाई. पण उजाडल्यावर दिसतंय की. जुन्या कोंबड्या एकमेकींना तोंडावरनं ओळखतात, कुणाचा तुरा कसा, कोण कुणाला भिती हे सगळं त्यांना पाठ असतं, त्यात पाच अनोळखी तोंडं, ती पण बंद दाराच्या आत, पळायला जागा नसलेली. मग काय होणार. रात्रीचा डाव शेवटी खेळायचा, सगळ्यात आधी न्हाई.

पण त्याच्याआधी दुसरी गोष्ट. बाजारातली कोंबडी थेट घरच्यांत? आमच्याकडं फलटणला एकानं अशाच चार आणल्या हुत्या, आठ दिवसांत घरच्या चौदातल्या तीन उरल्या. मानमोडी. चोचीची भांडणं नंतर बघू, पहिलं त्यांना लांब ठेवा.


निवृत्त_दप्तर
१९ मे, दुपारी ४.१०

वरच्या प्रतिसादाशी शंभर टक्के सहमत. मी पशुसंवर्धनात तेहतीस वर्षं काढली, त्यातली बरीच तालुक्याच्या दवाखान्यात, आणि परसातल्या कोंबड्या मरतात त्या भांडणाने नव्हे, बाजारातून आलेल्या आजाराने.

मानमोडी म्हणजे राणीखेत. मान वाकडी होते, हिरवट पातळ शी, श्वास घेताना घुरघुर, पाय-पंख लुळे. औषध नाही, फक्त लस. बाजारात दहा गावच्या कोंबड्या एका जाळीत कोंबलेल्या असतात, त्यातली एक जरी घेऊन आली तरी पुरे. म्हणून नवीन पक्षी किमान तीन आठवडे, जमल्यास महिनाभर वेगळे ठेवायचे. वेगळे म्हणजे शेजारच्या डालग्यात नव्हे. घराच्या दुसऱ्या बाजूला, भांडी वेगळी, आणि रोज आधी जुन्यांचं खाणं-पाणी उरकायचं, मग नव्यांकडे जायचं. उलटं नाही. नव्यांकडची चप्पलही वेगळी ठेवा, शी चपलेला लागून प्रवास करते.

तुम्ही एक रात्र एकत्र ठेवल्यात, ते आता परत येत नाही. तरी वेगळ्या कराच आणि दोन्हीकडे लक्ष ठेवा.

लसीबद्दल: पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा (राणीखेतची लस), चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो (त्याच नावाच्या आजाराची), चार आठवड्यांनी लासोटाचा बूस्टर, सहा ते आठ आठवड्यांत देवीची आणि आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी (राणीखेतचीच, मोठ्या पक्ष्यांची), असा साधारण क्रम. बाजारातल्या पक्ष्यांना यातलं काहीही झालेलं नसतं असं धरून चाला. अडचण अशी की लसीची बाटली शंभर किंवा जास्त डोसची येते आणि एकदा विरघळवली की दोन-तीन तासांत संपवावी लागते, तीही बर्फावर ठेवून. पाच कोंबड्यांसाठी कोण फोडणार? म्हणून वाडीतल्या सात-आठ घरांनी एक दिवस ठरवावा आणि दवाखान्यातून माणूस बोलवावा. आजारी दिसणाऱ्या पक्ष्याला मात्र लस टोचायची नाही.


सड्यावरची
१९ मे, रात्री ९.३०

बापरे, हे काहीच माहीत नव्हतं. तलंगा आता गोठ्यामागच्या लाकडाच्या खोपीत हलवल्यात, गुरं नाहीत आमच्याकडे त्यामुळे ती बाजू रिकामीच असते. रक्त आलेलीला हळद आणि खोबरेल लावलंय, पण तिच्याच चार बहिणी आता तिच्या जखमेवर चोच मारतायत!! ह्या तर एकत्र आल्यात ना बाजारातून?


पाटाचं_पाणी
१९ मे, रात्री ९.५५

लाल दिसलं की मारणारच, बहीण असू दे न्हाईतर आई. तिला एकटीला झाका खपली धरेपर्यंत, पण बाकीच्यांना दिसंल अशी. जनावरांच्या औषधाच्या दुकानात जांभळा स्प्रे मिळतो तो मारा, लाल रंग झाकला जातो. आणि पावसाच्या तोंडावर जखम उघडी ठेवू नका, माशी बसली की अळ्या.


मालवणी_खाजा
२० मे, सकाळी ८.१५

अगो बाय, ह्या सगळ्याक एकच औषध, खुडूक कोंबडी. (आता मराठीत लिहितो नायतर बाकीच्यांका कळाचा नाय.) आमच्याकडे बाहेरची मोठी कोंबडी आणतच नाहीत. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे उबवायला बसली, की तिच्याखाली अंडी ठेवायची, एकविसाव्या दिवशी पिल्लं. ती आई पिल्लांना घेऊन सगळ्या कोंबड्यांच्या मधून फिरते, कोणाची हिंमत नसते जवळ यायची, कोंबडा पण दोन हात लांब. दीड-दोन महिन्यांनी आई त्यांना सोडते तेव्हा पिल्लांना कोण कोण आहे, कोणापासून लांब राहायचं हे सगळं कळलेलं असतं.

विकतची पिल्लं पण चालतात, पण एक-दोन दिवसांचीच, ती पण रात्री हळूच खुडुकीच्या पोटाखाली सरकवायची. तुझ्या तलंगांना आता कोण आई होणार, ती वेळ गेली.


शहरी_बाबू
२० मे, सकाळी १०.३०

माफ करा पण कोंबड्यांबद्दल जरा जास्तच मानसशास्त्र चाललंय असं नाही वाटत? सासू, सून, कोण कुणाला घाबरतं... पक्षी आहेत हो, दाणे टाका, खातील.


खवचट_काका
२० मे, सकाळी ११.१०

बाबू, हे मानसशास्त्र कोंबड्यांवरूनच माणसांकडे आलंय. नॉर्वेमध्ये थॉरलाइफ श्येल्डरुप-एबे नावाचा पोरगा लहानपणापासून कोंबड्या बघत वहीत लिहून ठेवायचा की आज कुणी कुणाला टोचलं. पुढे १९२१ मध्ये त्याने त्यावरच डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. प्रत्येक कळपात टोचण्याची उतरंड असते, वरची खालचीला टोचते, खालची तिच्याखालचीला, आणि एकदा ठरलं की रोज रोज भांडावं लागत नाही, नुसती मान वर केली तरी काम होतं. नवीन पक्षी आला की सगळी उतरंड पुन्हा मोजायला घ्यावी लागते, म्हणून मारामारी.

ऑफिसात नवीन मॅनेजर आल्यावर काय होतं आठवा.


शहरी_बाबू
२० मे, सकाळी ११.१८

ऑफिसचं उदाहरण पटलं. वाचतोय. 🙏


टेक्सासची_मावशी
२० मे, रात्री ८.४०

मी ऑस्टिनजवळ राहते, आमच्याकडे सात कोंबड्या आहेत, तीन वेळा नवीन आणून मिसळल्यात. एकदा फसले, दोनदा जमलं. महिना झाल्यावर पुढे काय ते सांगते.

खुराड्याला लागून जाळीचा एक कप्पा करा, नव्या आत, जुन्या बाहेर, मध्ये फक्त जाळी. दिसलं पाहिजे, ऐकू आलं पाहिजे, चोच लागता कामा नये. जाळीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दाणे टाका म्हणजे एकमेकींच्या समोर जेवायची सवय होते. आठ-दहा दिवस, घाई असेल तरी आठवडा तरी. जाळीवर झेप घ्यायचं बंद होऊन जुन्या आपल्या आपल्या चरायला लागल्या की समजायचं कंटाळल्या, तीच वेळ.

मी फसले ते एकच कोंबडी आणली होती म्हणून. एकटी कधीच नाही, सगळा मार एकीच्याच वाट्याला येतो. तुमच्या पाच आहेत हे चांगलंच आहे.

आणि कप्प्याला एक छोटं भोक ठेवा, तलंग जाईल पण मोठी कोंबडी जाणार नाही एवढं, म्हणजे बाहेर सोडल्यावर कुणी मागे लागलं तर पळून आत घुसता येतं. आमच्याकडच्या आठवडाभरात शिकल्या, मोठ्या बाहेरून नुसत्या बघत राहायच्या.


रानमेवा
२१ मे, सकाळी ७.५०

वाचून दमलो. माझ्या आजीकडे तीस कोंबड्या होत्या, कुठून नवीन यायच्या, कुठे जायच्या कुणी बघत नव्हतं. ना जाळी, ना कप्पा, ना वेगळी चप्पल. आता पाच कोंबड्यांसाठी प्रोजेक्ट प्लॅन.


पाटाचं_पाणी
२१ मे, सकाळी ९.३०

दादा, आजीच्या कोंबड्या झोपायच्या कुठं?


रानमेवा
२१ मे, सकाळी ९.४२

फणसावर. काही गोठ्याच्या वाशावर.


पाटाचं_पाणी
२१ मे, सकाळी १०.०५

बास, तेच. पळायला अख्खं परसू, झोपायला फणस. मार पडला की नवी उडून दुसऱ्या फांदीवर. सहा बाय चारच्या खुराड्यात आधीच सहा, त्यात पाच घातल्यावर जाणार कुठं? कोंबडीला मैत्रीण नको असती हो, पळायला जागा लागती. जाळी, कप्पा, भोक हे सगळं आपण हिरावलेल्या जागेच्या बदल्यात करतोय.

आणि आजीच्या तीसातल्या दर उन्हाळ्याला किती मरायच्या ते पण आठवा.


रानमेवा
२१ मे, सकाळी १०.३०

एका वर्षी सगळ्या गेल्या होत्या, ते खरंय. मागे घेतो. चप्पल सोडून.


सड्यावरची
१० जून, दुपारी ३.१५

अपडेट द्यायला उशीर झाला. पाचातली एक गेली. :( मारामुळे नाही, जखमवाली ठणठणीत आहे. पहिल्या पावसात खोपीत ओल आली, दोन दिवस एक तलंग पंख पाडून पिसं फुगवून बसली होती, शीमध्ये रक्त दिसलं, दवाखाना गाठेपर्यंत गेली. डॉक्टर म्हणाले कॉक्सी, रक्ती हगवण. बाकीच्या चौघींना पाण्यातून औषध दिलं, पाच दिवस. खालचं सगळं तूस काढून जाळलं, चुना मारला, नवीन कोरडं तूस टाकलं. आता बऱ्या आहेत. मोठ्यांना काहीच झालं नाही.

वाडीतल्या नऊ घरांनी मिळून लसीकरण पण केलं, निवृत्त काका तुमच्यामुळे. एकशे सहा कोंबड्या निघाल्या वाडीत! कोणालाच वाटलं नव्हतं.


निवृत्त_दप्तर
१० जून, सायं. ५.००

वाईट वाटलं. मोठ्यांना होत नाही कारण लहानपणी थोडं थोडं झेलून त्यांच्यात प्रतिकार आलेला असतो, पण शीतून त्या ते टाकत असतात. म्हणजे धोका फक्त नव्यांकडून जुन्यांना नाही, जुन्यांकडून नव्यांनाही आहे. पावसाळ्यात तूस हातात घेऊन मुठीत दाबून बघायचं, गोळा झाला तर ओलं आहे, बदला.

लसीकरणाबद्दल अभिनंदन. एवढ्यासाठीच लिहीत असतो.


सड्यावरची
१० जून, सायं. ५.४०

आता जाळीचा कप्पा करतोय. नवरा म्हणतोय जुनं मासेमारीचं जाळं पडलंय ते लावू, खर्च नको.


मालवणी_खाजा
१० जून, सायं. ६.०२

नको!! जाळ्यात नखं अडकतात, मान अडकते. साप पण अडकून बसतो, सकाळी हात घालशील. लोखंडी जाळी आण, अर्ध्या-पाऊण इंची, आणि खाली वीतभर पुरून टाक, मुंगूस उकरतो.


सड्यावरची
२३ जून, रात्री ८.२०

जाळीचे बारा दिवस झाले. काल दुपारी चार वाजता पहिल्यांदा कप्प्याचं दार उघडलं. संध्याकाळ मुद्दाम निवडली, तीनच तास हाताशी, मग अंधार. तीन ठिकाणी दाणे, दोन ठिकाणी पाणी. काजूच्या तोडलेल्या फांद्यांचा एक ढीग अंगणात टाकून ठेवला लपायला.

मला वाटलं होतं म्हातारी किंवा सरपंच त्रास देणार. सरपंच तर उलट पंख खाली सोडून नव्यांभोवती गिरक्या घेत होता, म्हातारीने एकदा मान वर करून बघितलं आणि परत मातीत लोळायला गेली. मारत होती कोण, तर लंगडी! जिला आजपर्यंत सगळ्यांनी टोचलं, जी नेहमी शेवटी जेवते, ती. चौघींच्या मागे लंगडत लंगडत अख्खं अंगण पालथं घालत होती. फांद्यांच्या ढिगात घुसल्या म्हणून वाचल्या.


खवचट_काका
२३ जून, रात्री ८.५०

आयुष्यात पहिल्यांदा तिच्या खाली कोणीतरी आलंय. चार-चार जणी. संधी कशी सोडेल?


टेक्सासची_मावशी
२४ जून, पहाटे ५.१०

हे अगदी बघितलंय. वरच्यांना काही सिद्ध करायचं नसतं, तळातलीला असतं. आता नव्यांना परत आत घालू नका, लंगडीला बाहेर काढा. चार-पाच दिवस तिला कळपाच्या नजरेआड ठेवा, खाणं-पाणी व्यवस्थित. ती परत येईल तेव्हा तीच नवीन असेल आणि घरच्या तोवर ह्या चौघी झालेल्या असतील.

पण नुसत्या टोचण्याला घाबरून लगेच मध्ये पडू नका. एक टोचा, पळाली, संपलं, हे चालायचंच. पाठलाग थांबतच नसेल, खाली दाबून डोक्यावरच मारत असेल किंवा रक्त आलं तरच काढायचं.


शहरी_बाबू
२४ जून, सकाळी १०.००

एक प्रश्न, खाणं सगळ्यांना एकच देता का? बॅगवर लेअर, ग्रोअर असं काय काय असतं.


निवृत्त_दप्तर
२४ जून, सकाळी ११.२५

चांगला प्रश्न, सगळे विसरतात. अंड्यावरच्या कोंबडीच्या लेअर खाद्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्क्यांच्या घरात असतं, वाढत्या तलंगेला एक टक्का पुरतो. महिनोन्‌महिने लेअर खाल्लं तर लहानांच्या मूत्रपिंडावर ताण येतो. पण एकत्र सोडल्यावर कोण कुठलं खातंय बघणार कोण? म्हणून सगळ्यांना ग्रोअर (वाढत्या पक्ष्यांचं खाद्य), आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत. जिला अंड्यासाठी हवा ती बरोबर खाते, जिला नको ती ढुंकून बघत नाही.


मालवणी_खाजा
२४ जून, दुपारी १.००

तिसऱ्यांची शिंपलं फेकू नकोस गो. भाज, कूट, घाल.


सड्यावरची
२ जुलै, रात्री ९.४५

लंगडी पाच दिवस माजघराच्या मागे डालग्याखाली होती, काल सोडली. गंमत म्हणजे तिने एकीला टोचायला मान उचलली आणि ती (जखमवाली, आता तिचं नाव झाशी) उलट उभी राहिली! दोघी छाती फुगवून समोरासमोर, मग लंगडी बाजूला झाली आणि गवत टोचायला लागली जसं काही झालंच नाही.

पण झोपायला चौघी अजून खुराड्यात जात नाहीत. अंधार पडला की पायरीवर बसून राहतात, मी एकेकीला उचलून आत ठेवते. रोज. पावसात. छत्री मानेत धरून.


पाटाचं_पाणी
३ जुलै, सकाळी ७.१५

आता तुमच्या काकूंची पद्धत कामाला आली बघा. आठ-पंधरा दिवस करा, मग आपल्या आपण जातील. आत दांडी किती हाय? एका कोंबडीला वीतभर तरी पायजे, आणि दोन दांड्या एकाच उंचीवर लावा, न्हाईतर वरच्या दांडीवरनं रोज महाभारत. सकाळी दार उजाडायच्या आत उघडा पण, बंद खुराड्यात उजेड आला की पहिल्या दिवसासारखं होईल.


सड्यावरची
१९ जुलै, सकाळी ६.१०

सगळ्या आपापल्या आत जातायत, चार दिवस झाले. पण आता नवीन भानगड. आज पहाटे दोन आवाज आले. एक सरपंचाचा. दुसरा म्हणजे कोणीतरी नळीतून खोकतंय असा. झाशी आरवतेय.


खवचट_काका
१९ जुलै, सकाळी ६.२५

म्हणजे झाशीचा राजा निघाला. आणि गटारी तोंडावर आहे. मी लांज्याला कसं यायचं एवढंच विचारतो.


रानमेवा
१९ जुलै, सकाळी ७.००

वडे मी आणतो.


सड्यावरची
१९ जुलै, सकाळी ७.३०

दोघांनाही धाग्यावरून हाकलून द्या कोणीतरी.


पाटाचं_पाणी
१९ जुलै, सकाळी ९.००

बाजारात विकणारा तलंगच म्हणतो, सगळ्यांनाच. मानेवरची आणि शेपटीजवळची पिसं बघा, टोकदार आणि चकचकीत असली तर कोंबडा, गोल असली तर कोंबडी. तीन महिन्यांनंतर हे दिसतंच. दोन नरांना आठ माद्या कमी पडतात, एका कोंबड्यामागं आठ-दहा तरी असाव्यात, न्हाईतर माद्यांच्या पाठीवरची पिसं जातात. एक काढावा लागणार, कुठला ते तुम्ही ठरवा.


सड्यावरची
२७ जुलै, रात्री ८.००

ठरलं. शेजारच्या काकूंचा कोंबडा मेमध्येच मुंगसाने नेला होता, झाशी त्यांच्याकडे गेला. कापणार नाहीत असं वचन घेतलंय (काकूंकडून, काकांकडून नाही). बदल्यात त्यांनी खुडूक बसलेली कोंबडी देऊ केलीय आणि नऊ अंडी. म्हणजे मालवणी दादा, शेवटी तुमचंच खरं. उद्याच रवण (अंडी उबवायला) बसवू का?


मालवणी_खाजा
२७ जुलै, रात्री ८.२०

आता नको. पिल्लं श्रावणात बाहेर पडतील, ओलीत निम्मी जातील, तू बघितलंस ना खोपीत काय झालं. खुडूक आहे ती उतरू दे, दसऱ्यानंतर परत बसेल. तोवर त्या अंड्यांचं ऑम्लेट कर.